उदाहरणाची कोरी ओळ : तत्त्वज्ञानाच्या पदवीचं एक प्रकरण

मालवण आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावरचं एक गाव. गावाचं, कॉलेजचं, माणसांचं नाव देत नाही. मुलीने 'लिहा' म्हटलं, तेवढं पुरे. घरी तिला बाय म्हणतात, मीही तेच म्हणतो. तिचे वडील स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आणि गावात त्यांना हाक मारायची रीतही तीच. बाय २०१९ साली आमच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला आली आणि तीन ऐच्छिक विषयांत एक तत्त्वज्ञान घेतलं. दोन वर्षांनी, टी.वाय.च्या तोंडावर, ते पुढे न्यायचं की सोडायचं हा पेच पडला. प्रकरण त्या पेचाचं आहे. पण तो पेच वाढवण्यात माझा हात होता, म्हणून सुरुवात माझ्यापासून करतो.

मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवायचो. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे. सुट्टी लागली की मिळकत बंद. (अभ्यासक्रमात नसलेलं हे एक तत्त्व कोकणातल्या निम्म्या मास्तरांना तोंडपाठ आहे.) वर्गात मुलं असतील तर विषय राहणार, विषय राहिला तर तास राहणार. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा सांगितलं नव्हतं.

जून २०१९

तांडेल मुलीला घेऊन प्रवेशाला आले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे त्यांना सवड होती. खिडकीपुढे उभ्या उभ्या बायने विषयांच्या रकान्यात मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान असं लिहिलं. बारावीला तिने तर्कशास्त्र घेतलं होतं, ते तिला गणितासारखं सुटत होतं, आणि 'तसलंच काहीतरी' तिला पुढे हवं होतं. तांडेलांनी तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्या काय? कीर्तन काय?"

हसू नका. तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा अध्यात्म डोळ्यांपुढे येतं, मग गीता, मग निवृत्तीनंतरचा काळ. विशीतल्या मुलीने पैसे भरून ते शिकावं हे कुणालाही चमत्कारिक वाटेल. मला सांगता आलं असतं की पहिल्या वर्षी नीतिशास्त्र असतं, म्हणजे एखादी गोष्ट बरोबर की चूक हे कशावरून ठरवायचं याची चर्चा; जर्मन तत्त्वज्ञ कांटचं उत्तर एक, इंग्रज तत्त्वज्ञ मिलचं दुसरं, आणि दोघांनाही अडचणी आहेत. दुसऱ्या वर्षी न्याय, स्वातंत्र्य, राज्यसंस्था येतात, आणि भारतीय नि पाश्चात्त्य परंपरांची ओळख होते. पण मागे रांग होती आणि माझ्या यादीत त्या वर्षी आठच नावं होती. मी म्हटलं, "तांडेल, हा विषय घेऊन मुलं कलेक्टर होतात. यूपीएससीला हा घेता येतो. दोन पेपर, अडीचशे-अडीचशे मार्कांचे, अभ्यासक्रम बाकीच्यांपेक्षा आटोपशीर, आणि उत्तरं मराठीतून लिहिता येतात."

यातली मार्कांची गोष्ट खरी, मराठीची गोष्ट खरी, अभ्यासक्रम आटोपशीर हेही तयारी करणारे सगळेच म्हणतात.

"चेडू कलेक्टर होतला मां? मगे घालूया." तांडेलांनी सही केली. नऊ झाले.

आठवड्याभरात ही बातमी मच्छीमार सोसायटीत पोचली आणि बायला गावात 'कलेक्टरीण' म्हणायला लागले. आजीने ग्रामदेवीला कौल लावला, तोही उजवा मिळाला. "देवीन उजवो दिल्यान," आजी सगळ्यांना सांगत सुटली. बायने फक्त एवढंच विचारलं की गाऱ्हाण्यात नेमकं विचारलं काय. तर विचारलं होतं, "बायचा बरां होतला काय?" विषयाचं नावच नव्हतं. देवीने ज्याला हो म्हटलं तो प्रश्न वेगळाच होता, आणि तो सगळ्यांना परवडणारा होता.

वर्ग

नऊ मुलांच्या वर्गाचा एक फायदा असतो, कुणाला लपता येत नाही. तोटा असा की तीन मुलं गणपतीला नाहीतर आंब्याच्या पेट्या भरायला गेली की चर्चा संपली.

मराठीतून तत्त्वज्ञान शिकताना अडतं कुठे, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही. पुस्तकं नाहीत असं नाही. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली झालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ सालापासून आहे, मे. पुं. रेग्यांसारख्या माणसाने आयुष्यभर मराठीत याच विषयावर लिहिलं, वाईत विश्वकोश आहे आणि तो आता मोबाइलवर वाचता येतो. अडतं ते शब्दांच्या दुहेरी आयुष्यामुळे. खरं ज्ञान इंद्रियांतून नव्हे, बुद्धीतून येतं, या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मताला आपण बुद्धिवाद म्हणतो. पण महाराष्ट्रात बुद्धिवाद म्हटलं की आगरकर आठवतात, अंधश्रद्धेविरुद्धची चळवळ आठवते. मग पेपरात देकार्तच्या उत्तरात नवससायास येतात. अनुभववादाचंही तसंच. लॉक नि ह्यूम या तत्त्वज्ञांना म्हणायचं आहे की आपल्या ज्ञानाचा कच्चा माल डोळे, कान, त्वचा यांतून येतो. मुलं लिहितात संतांच्या अनुभवाबद्दल, आणि छान लिहितात. मी त्या उत्तरांना शून्य देऊ शकलो नाही कधी. शब्द आमचाच, रस्ता दुसऱ्याचा, त्यात पोरांचा काय दोष?

बायची वही मात्र वेगळी होती. ती प्रत्येक पारिभाषिक शब्दाखाली घरातलं एक वाक्य लिहायची. 'अनुभववाद' या शब्दाखाली लिहिलं होतं : 'बाबा पाण्याचा रंग बघून सांगतात मासा आहे का.' आणि त्याखाली दुसऱ्या शाईत : 'पण उद्याही तसंच असेल हे कशावरून?' ह्यूमचा प्रश्न तिला ह्यूमचं नाव येण्याआधी सापडला होता.

दुसरं वर्ष सगळं ऑनलाइन गेलं. टाळेबंदीचा काळ, घरात रेंज नाही म्हणून बाय सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, काजूच्या झाडाखाली बसायची, पाऊस आला की छत्री धरून. तिथेच न्यायदर्शनातलं, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनातलं, अनुमान शिकवलं. पर्वतावर धूर आहे, म्हणून आग आहे, हे दोन हजार वर्षं चालत आलेलं उदाहरण मी दिलं, तर घाटाच्या पायथ्याच्या गावातला एक मुलगा माइक चालू करून म्हणाला, "सर, आमच्याकडे ते धुकं असतं." सगळे हसले. पण जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, आणि बौद्ध तार्किकांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता : दिसतंय ते धूर की वाफ याचीच खात्री नसेल, तर पुढचं अनुमान लंगडं. हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, तोच संशयात. त्या मुलाला मी म्हटलं, तू बौद्ध तार्किक धर्मकीर्तीच्या रांगेत बसलास.

मग उलट बाजू. धूर तिथे आग, हे ठीक. पण आग तिथे धूर, असं म्हणता येईल का? नाही. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या, आग आहे, धूर नाही. धूर येतो तो नुसत्या आगीमुळे नाही, आगीत ओलं लाकूड असतं म्हणून. आपण ज्याला कारण समजतो त्याच्या आड लपून खरं काम करणारी अशी जी अट, तिला न्यायात उपाधी म्हणतात. जिथे जिथे धूर तिथे तिथे ओलं लाकूड सापडेल. पण जिथे जिथे आग तिथे ते असेलच असं नाही. ज्यांच्या घरी श्रावणात चुलीपुढे बसून डोळे चोळावे लागतात त्यांना हे दोनदा समजावावं लागत नाही.

तिला पूर्वपक्ष समजला तो मात्र माझ्याकडून नाही, तिच्या मामाकडून. मामा दशावतारात काम करतो. दशावतारात संहिता हातात नसते. कथानक ठरलेलं, संवाद रंगमंचावर उभं राहून बोलायचे. टाळेबंदीत नाटकं बंद, मामा घरी बसून कंटाळलेला. बायने त्याला सांगितलं की आमच्याकडे आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही जमेल तितकं भक्कम, आणि मग ते खोडायचं. मामा म्हणाला, "मगे नवीन काय? राक्षसाचो पार्ट करतल्याक राक्षसाचां म्हणणां खरां वाटाक व्हया. नायतर देव जितलो तरी लोक हसतत." हे वाक्य तिने मला फोनवरून पाठवलं. मी ते तेव्हापासून दर वर्षी वापरतो, मामाचं म्हणूनच.

कोरी ओळ

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड पडले, पत्रे उडाले, वीज कितीतरी दिवस नव्हती. तांडेलांची होडी बांधलेल्या जागेवरून सुटून खडकावर आपटली. एक बाजू फुटली.

त्याच आठवड्यांत कॉलेजातून कळलं की तत्त्वज्ञान टी.वाय.ला मिळणार नाही. हा विषय आमच्याकडे दुसऱ्या वर्षापर्यंतच होता. पुढे न्यायचा प्रस्ताव विद्यार्थीसंख्येवर अडला. मुंबई विद्यापीठाच्या त्या वेळच्या रचनेत तिसऱ्या वर्षाला सहा पेपर असत : एकाच विषयाचे सहाही, किंवा दोन विषयांचे तीन-तीन. म्हणजे बायपुढे तीन वाटा होत्या. इथेच राहून मराठी किंवा इतिहास घ्यायचा. मुंबईतल्या एखाद्या कॉलेजात टी.वाय.ला जायचं. नाहीतर इग्नूत, म्हणजे मुक्त विद्यापीठात, नव्याने नाव घालून पहिल्यापासून सुरू करायचं, आणि तेही इंग्रजी-हिंदी अभ्याससाहित्यातून.

जूनमध्ये ती माझ्याकडे आली. मी धरून चाललो होतो की ती मुंबईचं विचारेल. तिने वहीतलं फाडलेलं एक पान पुढे केलं. त्यावर न्यायदर्शनात अनुमान मांडतात तशा पाच ओळी होत्या.

प्रतिज्ञा : ही मुलगी कलेक्टर होईल.
हेतू : कारण ती तत्त्वज्ञान शिकते.
उदाहरण :
उपनय : ही मुलगी तशी आहे.
निगमन : म्हणून ती कलेक्टर होईल.

"सर, हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी बाबांना सांगितलंत. तिसरी ओळ मला भरता येत नाही."

उदाहरणाबद्दल न्यायसूत्रांची एक अट आहे, मीच शिकवली होती : दृष्टांत असा हवा की तो साध्या माणसालाही पटेल आणि पारख करणाऱ्यालाही. तिने दोन्ही बाजूंनी शोधून बघितलं होतं. आमच्या पंचक्रोशीत तत्त्वज्ञानात बी.ए. करून कुणी अधिकारी झालेला बाबांच्या ओळखीत नव्हता, माझ्याही नव्हता. उलट तिने असं काढलं होतं की यूपीएससीला वैकल्पिक विषय कुठलाही घेता येतो, पदवी त्यातलीच असावी लागत नाही; इंजिनिअर झालेली मुलं तत्त्वज्ञान घेऊन बसतात. आणि आमच्याकडची मुलं ज्या एमपीएससीच्या मागे असतात, तिच्या राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत तेव्हा वैकल्पिक विषयच नव्हते.

"म्हणजे पदवीचा आणि त्या परीक्षेचा संबंधच नाही. आणि जे तत्त्वज्ञान घेऊन होतात, त्यांच्यात उपाधी आहे."

"कुठली?"

"दिल्ली-पुण्याचा क्लास. तो ओलं लाकूड."

मी मास्तर, सवयीने तिचीच चूक काढली. क्लास न लावता पास झालेली माणसं आहेत, तेव्हा जिथे धूर तिथे हे लाकूड, असं होत नाही. उपाधी म्हणून ते टिकत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. बाहेर पावसाची सर येऊन गेली. मग म्हणाली, "बरं. क्लास नाही. दोन-तीन वर्षं एक पैसा न कमावता बसायची मुभा. ती प्रत्येकाकडे असणार. ज्याच्याकडे नाही तो बसूच शकत नाही."

हे मला खोडता आलं नाही.

मग तिने जो प्रश्न विचारला तो मी आजवर कुठल्या प्रश्नपत्रिकेत घातलेला नाही. "हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं का? मग ते कारण का दिलंत?"

मला माहीत होतं. मी तिला यादीची गोष्ट सांगितली, आठ नावांची. तिचं नववं नाव लागलं म्हणून मला दोन वर्षं तास मिळाले, हे सांगितलं. एवढं बोलायला मला वेळ लागला. ती रागावली नाही, निदान दिसलं नाही. पान घडी करून वहीत ठेवत म्हणाली, "मग हे पाचव्या ओळीनंतर लिहायला हवं." न्यायात सहावी ओळ नसते. मी ते बोललो नाही.

होडी

जूनभर तांडेल होडीच्या डागडुजीत होते. फुटलेल्या बाजूच्या फळ्या काढून नव्या बसवल्या. त्या निघाल्या तेव्हा दुसऱ्या बाजूच्याही कुजलेल्या दिसल्या, त्याही बदलल्या. इंजिन दोन वर्षांपूर्वीच नवं आलं होतं. मी एका संध्याकाळी गेलो तेव्हा सुतार उठले होते, बाय आणि तांडेल होडीच्या सावलीत बसले होते, आणि जुन्या फळ्या मागच्या माडाला टेकवून ठेवल्या होत्या, चुलीला होतील म्हणून.

बायने तिथेच तो ग्रीक कोड्याचा प्रश्न काढला, थीसियसच्या जहाजाचा. सगळ्या फळ्या बदलल्या तर जहाज तेच का? आणि जुन्या फळ्या जोडून कुणी दुसरं उभं केलं तर खरं कुठलं? प्लूटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की पहिल्या प्रश्नावर तत्त्वज्ञ भांडत. बायने माडाकडे बोट केलं. "बाबा, त्या फळ्यांची होडी बांधली तर आपली होडी खंयची?"

तांडेलांनी विडी विझवली. "हीच गो. सोसायटीचां कर्ज ताच आसा मां? मगे होडी दुसरी कशी?"

मी वर्गात या कोड्याची चार-पाच उत्तरं देतो. आकार तोच म्हणून जहाज तेच. बदल हळूहळू झाला म्हणून तेच. 'तेच' हा शब्दच आपल्या सोयीचा. कर्जाचं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं, आणि जितका विचार करतो तितकं ते हसण्यासारखं वाटेनासं होतं. हप्ता भरणारा, परवाना ज्याच्या नावे तो, नोंदवहीतला नंबर. होडी 'तीच' असण्यावर कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं, म्हणून ती तीच राहते. लॉकनेही माणसाची ओळख शिक्षा आणि बक्षीस कुणाला द्यायचं या व्यवहाराशी बांधली होती. हे मी तांडेलांना सांगितलं नाही, पण बायच्या चेहऱ्यावरून दिसलं की तिला जोडता आलं.

मग मीच विषय काढला. २०१९ साली मी जे सांगितलं ते कसं चुकीचं होतं, कशासाठी सांगितलं, सगळं. तांडेल ऐकत होते. त्यांचं पहिलं वाक्य मला अनपेक्षित होतं : "ता माका म्हायत होतां. कोण मास्तर आपलो माल वायट म्हणतलो?" सोसायटीत त्यांनी कलेक्टर हा शब्द पसरू दिला, कारण त्यामुळे लोकांनी दोन वर्षं लग्नाचं विचारलं नाही.

म्हणजे माझं खोटं कारण त्यांनी त्यांच्या खऱ्या कारणासाठी वापरलं होतं. बायला हे नवीन होतं. ती उठून पाण्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

तांडेलांचा प्रश्न

ती नसताना त्यांनी मला विचारलं : "किती वर्सां, किती पैसे, आणि मधीच सुटलां तर हातात काय रवतला?"

तत्त्वज्ञान घेणाऱ्या मुलाच्या घरी हाच प्रश्न असतो. 'उपयोग काय' ही त्याची सभ्य आवृत्ती आहे. आणि याला उत्तर देता येतं. त्या संध्याकाळी दिलं ते असं. टी.वाय. एक वर्ष. सुटलं तरी दोन वर्षांचं शिक्षण हातात, पदवी नाही. झालं तर पदवी, आणि पदवीवरच्या बहुतेक परीक्षांना विषय कुठला ते कुणी विचारत नाही. तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीलाही नाही. पुढे एम.ए. दोन वर्षं. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. त्यानंतरही कायम जागा निघेपर्यंत माझ्यासारखं तासांवर. शाळेत शिकवायचं तर अडचण, कारण दहावीपर्यंत तत्त्वज्ञान हा विषयच नाही. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान आहेत, पण ते थोड्याच ठिकाणी चालतात.

तांडेलांनी सगळं ऐकून एकच उलटप्रश्न केला : मराठी सोबत ठेवता येईल का? शाळेत मराठी असतं. मी म्हटलं, येईल, तीन-तीन पेपर. मनातून मला सहाही तत्त्वज्ञानाचे हवे होते. तीन पेपरांत विषयाची खोली येत नाही, एम.ए.ला गेल्यावर जाणवतं, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण त्या संध्याकाळी मी माझं मत दोनदा तपासून गिळलं. कुणाचा माल मी विकतोय, हे एकदा कळल्यावर बोलायला जीभ रेटत नाही.

बाय परत आली तेव्हा तिनेही तीन-तीनच म्हटलं, वेगळ्या कारणाने. तिला देकार्तच्या उत्तरात आगरकर का येतात हे नीट शोधायचं होतं, आणि त्यासाठी दोन्ही विषय लागणार होते. बापलेकीचा निर्णय एक, कारणं दोन. निर्णय टिकायला कारण एकच असावं लागतं, असं मी तोवर समजत होतो.

पुढे

मुंबईतल्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. २०२१ च्या त्या पावसाळ्यात तास अजून ऑनलाइनच होते, म्हणून पहिले काही महिने ती गावातच राहिली, त्याच काजूखाली. राहण्याचा खर्च वाचला. ऑक्टोबरात कॉलेजं उघडली तेव्हा ती भांडुपला मावशीकडे गेली. तीन खोल्यांत सात माणसं, अभ्यास रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात. तिथून ती मला अधूनमधून लांबलचक संदेश पाठवायची. एकदा अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' (समाजात आपली जागा कुठली हे माहीत नसताना नियम ठरवायचे, ही कल्पना) वाचून लिहिलं होतं : आपण पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्यांचे यांत्रिक होडीवाले) होणार की रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) हे माहीत नसताना समुद्राचे नियम करायचे असते, तर काय केले असते? आणि खाली : 'बाबांना विचारलं. म्हणाले, पडद्याआडून मासा किती ता दिसता काय?' मलाही तेच विचारायचं होतं. पडद्याआडच्या माणसांकडे रॉल्स सामान्य माहिती ठेवतो, समाज कसा चालतो वगैरे. स्वतःची जागा झाकतो, आणि आपल्या समाजाची नेमकी परिस्थितीही, म्हणजे साठा किती उरलाय हेसुद्धा. हे तिने उलट टपाली मला समजावलं.

२०२२ ला ती बी.ए. झाली, २०२४ ला एम.ए. सेटच्या पहिल्या खेपेला थोडक्यात राहिली. सध्या ती एका प्रकाशनासाठी शालेय पुस्तकांचं मुद्रितशोधन करते आणि पुन्हा परीक्षेला बसते आहे. गावात कलेक्टरीण म्हणणं बंद झालं; आता विचारतात, "लगीन कधी?" तांडेलांचा तो आडोसा गेला. याबद्दल तिला वडिलांचा राग आहे की नाही हे मी विचारलेलं नाही.

मला त्या कॉलेजातले तास २०२३ नंतर मिळाले नाहीत. दुसऱ्या तालुक्यात एका ठिकाणी शिकवतो, तेही तासांवरच. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाल्यापासून मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) असे नवे रकाने आले आहेत, आणि प्रवेशाच्या दिवसांत मला अजूनही खिडकीशेजारी उभं करतात, कारण तत्त्वज्ञान म्हणजे काय हे पालकांना दुसरं कुणी सांगत नाही.

या जूनमध्ये एका आंबा बागायतदाराचा फोन आला. मुलाला तत्त्वज्ञान मेजर घ्यायचं आहे, कुणीतरी सांगितलंय की यूपीएससीला बरं पडतं, खरं का? मी म्हटलं, यूपीएससीला त्यासाठी पदवी याच विषयाची लागत नाही. आणि म्हटलं, आमच्याकडे सध्या सात मुलं आहेत, तुमचा आठवा झाला तर माझे तास वाचतील, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने ऐका. मग वर्षं, पैसे, आणि मध्येच सुटलं तर हातात काय राहील ते सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "घरात बोलून सांगतो, सर," ते म्हणाले.

अजून फोन आलेला नाही.